डिफरेन्शियलमधला शेंदूर

अहवाल चार पानांचा होता. इंग्रजीत, डाव्या कोपऱ्यात जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देणाऱ्या स्टुडिओचं चिन्ह, प्रत्येक पानावर रंगीत छायाचित्रं. तिसऱ्या पानावरच्या दोन वाक्यांचं मराठी असं होतं: ‘डिफरेन्शियलच्या आत पूजेची पावडर आढळली. स्थानिक मेकॅनिकच्या अशास्त्रीय हाताळणीमुळे दातांची झीज होऊन आवाज निर्माण झाला असावा.’

गाडी माझ्या अक्काची. अक्का म्हणजे थोरली बहीण, वय चौऱ्याहत्तर, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. गाडी तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. ‘स्थानिक मेकॅनिक’ म्हणजे आमच्या, पुण्यातल्या नव्हे, शिवाजीनगरच्या बस स्टँडमागच्या गल्लीत पंचेचाळीस वर्षं गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल उघडत आणि बसवत आलेला फिटर. त्याच्या पणजोबांपासून ते लोक इथलेच. घरात मराठी, दारात कन्नड. गल्लीत त्याला सगळे अण्णा म्हणतात, आम्हीही.

हा अहवाल फक्त आम्हाला आला असता तर गोष्ट घरात राहिली असती. स्टुडिओच्या मालकाने तो शहरातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांच्या ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, ‘सगळ्यांनी शिकण्यासारखं.’ त्या ग्रुपवरच्या माणसांखेरीज अण्णाला आता गिऱ्हाईक उरलेलं नाही. नव्या गाड्यांचे गिअरबॉक्स कंपनीच्या वर्कशॉपात उघडतात, किंवा उघडतच नाहीत, अख्खे बदलतात. अहवाल पडल्यावर तिसऱ्या दिवशी एक डॉक्टर अण्णाच्या गॅरेजवर आले आणि स्वतःच्या गाडीचा अर्धा सुटा केलेला गिअरबॉक्स फळांच्या क्रेटमध्ये भरून घेऊन गेले. कारण सांगितलं नाही. अण्णाने विचारलं नाही.

मी बत्तीस वर्षं वृत्तपत्रांत काढली, त्यातली बहुतेक दुसऱ्यांच्या बातम्या तपासण्यात. बातमीत ‘असावा’ आला की बातमीदाराला विचारायचं असतं: कोणी पाहिलं, कशाने मोजलं? चार पानांच्या अहवालात एकही माप नव्हतं.

अक्काने गाडी नऊ वर्षं झाकून ठेवली होती. दोन वर्षांपूर्वी तिने ठरवलं की ती पुन्हा चालवायची, आणि स्वतःच चालवायची. इंजिनाचं काम सोपं निघालं. मागचा अ‍ॅक्सल मात्र आवाज करत होता, म्हणून अण्णाने डिफरेन्शियल उतरवलं.

इंजिनाची ताकद एका लांब फिरत्या दांड्यातून, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टमधून, गाडीच्या मागे येते. तिथे डिफरेन्शियलमध्ये पिनियन नावाचं लहान दातेरी चाक क्राउन नावाच्या मोठ्या चाकाला काटकोनात फिरवतं आणि मागची चाकं फिरतात. हे सगळं ज्या ओतीव लोखंडी भांड्यात बसतं ते हाउसिंग. पिनियन आपल्या बेअरिंगांसकट एका डबीत असतं. ती डबी हाउसिंगच्या गोल तोंडावर बोल्टांनी आवळतात. डबीची कॉलर, म्हणजे तिची बाहेर आलेली कड, आणि हाउसिंगचं तोंड यांच्या मध्ये पत्र्याच्या पातळ चकत्या घालतात, त्यांना शिम म्हणतात. सर्वांत पातळ शिम मिलिमीटरच्या पाच शतांशांची, वहीच्या कागदाहूनही पातळ. पिनियन तेवढ्या फरकाने आतबाहेर झालं तरी गाडी ठरावीक वेगाला सूर धरते. मेकॅनिक म्हणतात, क्राउन रडतो.

पिनियन बरोबर बसलं का, हे दातांवर रंग लावून बघतात. क्राउनच्या चार-पाच दातांना रंग फासायचा, पिनियन हाताने फिरवायचं, आणि दातावर घासल्याचा ठसा कुठे उमटतो ते वाचायचं. बाजारात त्यासाठी निळी पेस्ट मिळते. अण्णा शेंदूर वापरतो. मारुतीला लावतात तोच, तेलात कालवलेला. खरा शेंदूर शिशापासून करतात, तो जड आणि मऊ असतो, पोलादावर ओरखडा काढत नाही. अण्णाने ही पद्धत त्याच्या उस्तादाकडून घेतली, उस्तादाने लष्कराच्या वर्कशॉपातून आणली होती. शेंदूर तो मार्केटमधल्या पूजेच्या दुकानातून आणतो. दुकानदाराला वाटतं हा मोठा भक्त आहे.

‘विचारतो मला, अण्णा, कुठल्या देवळाचं काम चाललंय,’ अण्णाने अक्काला सांगितलं. ‘म्हटलं, लोखंडाचा देव आहे. उताणा पडलाय. उठवायला तिघं लागतात.’

‘तुम्ही देवाला जाता का कधी?’ अक्काने विचारलं.

‘वर्षातनं एकदा. बायकोनं ओढलं तर.’

ठसा वाचायच्या दिवशी अक्का मुद्दाम गॅरेजवर आली होती. अण्णाने तिला उजेडासाठी बॅटरी धरायला दिली. केशरी दातावर मधोमध एक लांबट काळपट डाग दिसत होता.

‘असा पाहिजे, अक्का. टोकाला गेला तरी रडणार, मुळाशी गेला तरी रडणार.’

‘आणि हा किती वेळा उघडून बसवलात?’

‘सहा. सातव्याला आला. स्वल्प हट्टी आहे. मालकिणीसारखं.’

अक्का हसली नाही, पण बॅटरी हलली.

त्यानंतर आम्ही तिघं देवनहळ्ळीच्या जुन्या रस्त्याने किल्ल्यापर्यंत जाऊन आलो. अक्का चालवत होती. अण्णा मागच्या सीटवर वाकून, कान खाली धरून बसला होता. चाळीसला, पन्नासला, साठला, आणि साठवरून पाय उचलल्यावर, प्रत्येक वेळी तो फक्त ‘सरी’ म्हणाला, म्हणजे ठीक. मागून काहीही आवाज नव्हता. हे मी त्या दिवशीच्या वहीत लिहून ठेवलं आहे, सवयीने.

पुढचं जे झालं त्याची सुरुवात माझ्याकडून झाली. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक गाडीखाली आरसा धरून बघतात, हे मी पाहिलं होतं. अक्काची गाडी वरून नवी दिसत होती आणि खालून तिचे सगळे भाग तेलकट करडे होते. मी म्हटलं, गिअरबॉक्स, शाफ्ट, डिफरेन्शियल, सगळं नीट रंगवून घेऊ. अक्का म्हणाली, ‘गाडीच्या पोटाखाली कोण बघतंय?’ मी आरशाचं सांगितलं. ती म्हणाली, ‘मग त्यांना बघू दे की. माझ्या वयाची बाई आहे ती.’ तरी मी आग्रह धरला.

महादेवपुऱ्याच्या आयटी पार्कांच्या मागे हा स्टुडिओ आहे. काचेची दर्शनी भिंत, पांढरी जमीन, प्रत्येक गाडीवर वेगळा दिवा. मालक पस्तिशीचा, मूळचा पुण्याचा, आधी सॉफ्टवेअरमध्ये होता. मला पाहून त्याने मराठी काढली. ‘काका, डोन्ट वरी. आम्ही एंड टू एंड करतो. उतरवणं, ब्लास्टिंग, पावडर कोटिंग, असेंब्ली, सगळं इन-हाउस.’

अण्णाला हे पसंत नव्हतं. त्याने मला फोन लावायला सांगितला आणि मालकाशी स्वतः बोलला. ‘शिम जशा आहेत तशा, त्याच जागी. आणि बसायच्या जागेवर रंग नको. डबी जिथं बसते तिथं लोखंडाला लोखंड लागलं पाहिजे.’

‘हो हो काका. अवर टीम नोज.’

हे संभाषण मी ऐकलं आणि लिहून घेतलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर बातमीदारांना ‘लेखी आहे का’ म्हणून छळलं, त्याने एवढं साधं काम केलं नाही.

सहा आठवड्यांनी गाडी आली. काम देखणं होतं, हे नोंदवायला हवं. गिअरबॉक्सचं अ‍ॅल्युमिनियमचं कवच पाणी आणि काचेच्या मण्यांच्या माऱ्याने धुतलं होतं आणि कालच ओतल्यासारखं दिसत होतं. शाफ्टवर मऊ काळा रंग. डिफरेन्शियलचं हाउसिंग भट्टीत भाजलेल्या पावडरच्या लेपाने चकचकीत काळं, एकही फुगा नाही, ओघळ नाही. मी खाली वाकून आरसा धरला आणि समाधान पावलो.

अक्काने गाडी सुरू केली, त्याच देवनहळ्ळीच्या रस्त्याला लावली. पंचेचाळीसच्या पुढे मागून सूर सुरू झाला. पाय उचलला की चढत होता. घरी आल्यावर अक्का चावी टेबलावर ठेवून म्हणाली, ‘पोट छान दिसतंय.’

आम्ही स्टुडिओला कळवलं. त्यांनी गाडी परत नेली, खालचं तेल काढलं, मागचं झाकण उघडून आत पाहिलं, आणि अहवाल लिहिला. तेलाला केशरी झाक होती. दातांच्या मुळाशी केशरी रेषा होत्या. दोन तरुण इंजिनिअरांनी त्यांचे जवळून फोटो काढले. त्यांनी हा रंग देवळात पाहिला होता, गिअरवर कधी पाहिला नव्हता. म्हणून ती पूजा ठरली. त्यांचं न पाहिलेलं मी समजू शकतो. ज्याने लावला तो माणूस त्यांच्या मालकाशी फोनवर बोललेला होता आणि त्याला कोणीही विचारलं नाही, हे मी समजू शकत नाही.

अण्णाला इंग्रजी वाचता येत नाही. अहवाल मीच त्याला गॅरेजवर वाचून दाखवला. डॉक्टर क्रेट घेऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी. तो एका बेअरिंगवरचं ग्रीस पुसत होता. पुसत राहिला.

‘पूजा म्हणालेत?’

‘पूजेची पावडर.’

‘आणि काय म्हणालेत? नारळ बी फोडला म्हणालेत काय आत?’

‘अशास्त्रीय हाताळणी म्हणालेत.’

‘म्हंजे?’

‘म्हणजे तुम्हाला येत नाही.’

त्याने बेअरिंग कागदात गुंडाळून ठेवलं. ‘बाकी काय बी लिहू दे, तम्मा,’ तो म्हणाला. तो मला तम्मा म्हणतो, धाकटा भाऊ. ‘आवाज माझ्यामुळं आला लिहू दे. मी उघडून दाखवीन. पण ते पूजेचं काढायला सांग. लोक हसतील. लोक ज्याला हसले त्याच्याकडं कोण गिअरबॉक्स आणतं?’

त्याला हवं होतं ते एवढंच: ते वाक्य जिथे टाकलं तिथेच मागे घेतलं जावं.

पुरावा शोधायला फार लांब जावं लागलं नाही. स्टुडिओने स्वतःच्या जाहिरातीसाठी आमच्या गाडीच्या कामाचा व्हिडिओ केला होता. संगीत, मंद गती, भट्टीतून बाहेर येणारं हाउसिंग. मी तो अण्णाला फोनवर दाखवला. त्याने फोन हातभर लांब धरला.

‘थांबव. मागं घे. आणि मागं. हां.’

हाउसिंगचं गोल तोंड समोर होतं. त्याची कड, जिथे शिम बसतात आणि पिनियनची डबी आवळली जाते, ती पूर्ण काळी आणि चकचकीत होती.

‘हे काय काळं?’

‘रंग.’

‘बसायच्या जागेवर.’

‘बसायच्या जागेवर.’

त्याने फोन माझ्या हातात दिला. शिव्या मी दिल्या.

स्टुडिओत जायचं ठरलं तेव्हा अक्काही आली. गाडी तिची होती, आणि मी रागात नीट बोलत नाही असं तिचं मत आहे. दारात आम्हाला बुटांवर घालायला निळ्या पिशव्या दिल्या. अण्णाच्या पायात चप्पल होती. त्याने ती काढून हातात घेतली आणि पांढऱ्या जमिनीवर अनवाणी चालत गेला.

मालकाने कॉफी मागवली. अण्णा म्हणाला, ‘कॉफी नंतर. डिफरेन्शियल खाली घ्या.’

‘काका, टेक्निकली सांगतो. पावडर कोटिंग मायक्रॉनमध्ये असतं. इट्स नथिंग. ऐंशी मायक्रॉन म्हणजे किती, कल्पना आहे ना?’

‘शिम कशात असते?’ अण्णा म्हणाला. ‘किलोत?’

एक इंजिनिअर हसला आणि लगेच गप्प झाला.

डिफरेन्शियल खाली आलं. अण्णाने खिशातून शेंदराची डबी काढली, थोडा तेलात कालवला आणि क्राउनच्या दातांना लावला. दोन्ही इंजिनिअर पाहत होते. त्याने पिनियन हाताने फिरवलं आणि बॅटरी अक्काच्या हातात दिली. ठसा दाताच्या टोकाला लागून होता, कडेवरून जवळजवळ घसरलेला. ह्याचा अर्थ पिनियन जितकं आत हवं तितकं आत नव्हतं. कोणीतरी त्याला बाहेर ढकललं होतं.

मग त्याने डबी सोडवली. शिम एकेक करून फडक्यावर मांडल्या आणि मोजल्या. होत्या तितक्याच होत्या. डबीची कॉलर मायक्रोमीटरने मोजली आणि आकडा इंजिनिअरला मोठ्याने वाचायला लावला. नंतर कॉलरच्या फक्त शिमकडच्या बाजूवरचा काळा लेप एका जागी पात्याने खरवडला, लोखंड दिसू लागलं, आणि तीच जागा पुन्हा मोजली. मिलिमीटरच्या आठ शतांशांचा फरक, म्हणजे तेच ऐंशी मायक्रॉन. हाउसिंगच्या तोंडावरचा लेप खरवडला, तोही जवळपास तितकाच. दोन्ही मिळून तीन पातळ शिमांएवढी जाडी. कोणी न सांगता, कोणी न मोजता घातलेल्या तीन शिम.

दुपारपर्यंत दोन्ही जागा स्वच्छ झाल्या. त्याच शिम, त्याच क्रमाने. पुन्हा शेंदूर. ठसा दाताच्या मधोमध आला. इंजिनिअरांपैकी एकाने त्याचा फोटो काढला आणि विचारलं, ‘अंकल, हे निळ्या पेस्टपेक्षा स्पष्ट दिसतं?’

‘काळ्या तेलात निळं कुठं दिसतं?’ अण्णा म्हणाला.

ह्या वेळी त्याने दात डिझेलने दोनदा धुतले आणि ब्रशने मुळापर्यंत घासले. त्यानंतर कॉफी घेतली.

अहवालाचं काय, असं मी विचारलं. मालक मनापासून खजील दिसत होता. खजील माणसं फार उदार होतात. त्याने सांगितलं की तो काकांचा सत्कार करील. पुढच्या महिन्यातल्या मेळाव्यात, स्टेजवर, शाल, श्रीफळ, डोक्यावर म्हैसुरी पेटा. ‘लेजंड ऑफ शिवाजीनगर असं काहीतरी करू. पीपल विल लव्ह इट.’

‘आणि ते वाक्य?’ अक्काने विचारलं.

‘आण्टी, ते आपण तिथे ऑटोमॅटिकली क्लिअर करू ना. सत्कार म्हटल्यावर लोकांना कळतंच.’

‘नाही कळत. आधी कापलेलं नाक जागेवर लावा. पेटा नंतर बघू.’

मी आयुष्यात शेकडो दुरुस्त्या छापल्या आहेत. चूक पहिल्या पानावर आणि दुरुस्ती सातव्यावर, औषधाच्या जाहिरातीखाली, हा आमच्या धंद्याचा जुना गुन्हा आहे आणि मी त्यात सामील होतो. म्हणून मला नक्की माहीत होतं की दुरुस्ती कुठे आणि कशी लपवतात. मी म्हटलं, इथे बसून लिहू.

त्याने लॅपटॉप उघडला. पहिल्या मसुद्यात ‘काही गैरसमज’ होते. मी विचारलं, कोणाचे? ते खोडलं. दुसऱ्यात ‘अनवधानाने झालेला अतिसूक्ष्म लेप’ होता. ‘अतिसूक्ष्म’ खोडून आकडा घातला. ‘अनवधानाने’वर तो अडला.

‘काका, मुद्दाम थोडंच केलं?’

‘फोनवर सांगितलं होतं. सांगितलेलं विसरणं वेगळं, न कळणं वेगळं.’

‘पण माझ्या टीमचं मोराल...’

‘त्याचंही मोराल आहे,’ अक्का म्हणाली. ‘ते कोपऱ्यात अनवाणी उभं आहे.’

शेवटी सहा वाक्यं झाली. डिफरेन्शियलच्या बसायच्या जागेवर स्टुडिओकडून रंग चढला. त्याची जाडी इतकी. आवाज त्यामुळे आला. आढळलेला शेंदूर पूजेचा नव्हता, दातांचा ठसा तपासायची ती जुनी पद्धत आहे. शेंदराने काही नुकसान झालं नाही. आधीचा निष्कर्ष चुकीचा होता आणि तो मागे घेत आहोत.

मी ते अण्णाला मराठीत वाचून दाखवलं. त्याने डोळे मिटून ऐकलं.

‘एक राहिलं,’ तो म्हणाला. ‘शेंदूर मी पुसायला पाहिजे होता. पहिल्या खेपेला घाईत मुळाशी राहिला. ते बी लिही.’

‘अण्णा, त्याने काही बिघडलं नाही.’

‘बिघडलं असं लिही म्हणालो काय? राहिला, एवढंच लिही. राहिला होता की.’

मी त्याला थांबवायला हवं होतं का, हे अजून मला ठरवता आलेलं नाही. संपादक म्हणून वाक्य खरं होतं, वगळायला कारण नव्हतं. ते सातवं वाक्य म्हणून शेवटी घातलं. मालकाने मान डोलावली आणि म्हणाला, ‘दॅट्स व्हेरी ग्रेसफुल ऑफ हिम.’

पत्रक दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रुपवर आलं. सातही वाक्यं होती, शब्द एकही बदललेला नव्हता. क्रम बदललेला होता. सुरुवात अशी होती: ‘फिटरने मान्य केलं आहे की असेंब्लीच्या वेळी शेंदूर पूर्णपणे पुसला गेला नव्हता.’ मग शेंदूर काय असतो. मग आवाज. रंग सहाव्या वाक्यात होता, आणि फोनच्या पडद्यावर पहिल्या चार ओळींनंतर ‘पुढे वाचा’ येतं. खाली एकामागून एक हात जोडल्याच्या खुणा आणि ‘पारदर्शकतेबद्दल अभिनंदन’ असे निरोप. अभिनंदन स्टुडिओचं.

मी मालकाला फोन केला. तो म्हणाला, ‘काका, कंटेंट तर सेम आहे.’

कंटेंट तोच होता. मी हेच वाक्य बत्तीस वर्षांत किती तक्रारदारांना ऐकवलं असेल.

अक्काने तीच सात वाक्यं मूळ क्रमाने, आकडे घालून, पुन्हा ग्रुपवर टाकली आणि वर लिहिलं: ‘असं वाचावं.’ वीस मिनिटांत ग्रुप चालवणाऱ्याने ते काढून टाकलं. नियमात वाद चालत नाहीत. अक्का ग्रुपमधून बाहेर पडली. त्या संध्याकाळी तिने गाडी काढली, मला बाजूला बसवलं आणि शिवाजीनगरला गेली. साठच्या वेगाची सोय शहरात नाही, पण वाटेत जिथे जिथे रस्ता मोकळा मिळाला तिथे तिने पाय दाबला आणि उचलला. मागून आवाज नव्हता.

अण्णाकडे साधा फोन आहे, तो ग्रुपवर नाही. त्याने विचारलं, ‘आलं का ते?’

‘आलं,’ मी म्हणालो.

‘सगळं?’

‘सातही.’

अक्काने माझ्याकडे पाहिलं. क्रमाचं तिने सांगितलं. मोजक्या शब्दांत, काही न लपवता. तो ऐकत असताना हातातला स्पॅनर पुसत होता.

‘माझं पुढं घातलं,’ तो म्हणाला.

‘पुढं घातलं.’

‘खरं होतं म्हणून घातलं.’ स्पॅनर खाली ठेवून त्याने विचारलं, ‘ते डॉक्टर आहेत काय त्यात?’

‘आहेत.’

‘वाचलं असेल त्यांनी?’

‘पहिल्या चार ओळी वाचल्या असतील.’

मी म्हटलं, डॉक्टरांना मी स्वतः भेटतो, सगळं समजावतो, गिअरबॉक्स परत आणायला सांगतो. अण्णाने मान हलवली.

‘बोलवू नको. त्यांचं त्यांनी ठरवू दे. फक्त एक कळव. क्रेटमध्ये उघडाच नेलाय. बेअरिंग मी धुऊन ठेवले होते, तेल नाही त्यांच्यावर. धूळ बसली तर गंजतील. तेल लावून प्लास्टिकात झाका म्हणावं, दुसऱ्याकडनं करून घेणार असले तरी.’

मी तिथेच उभ्याने डॉक्टरांना फोन केला. त्यांनी उचलला नाही. मग निरोप लिहिला: बेअरिंगना तेल लावा, प्लास्टिकमध्ये गुंडाळा, क्रेट कोरड्या जागी ठेवा. त्याखाली रंगाची जाडी लिहिली, दोन्ही जागांची, शतांशात, आणि ती कोणासमोर मोजली तेही. अण्णाने ते सांगितलं नव्हतं. मी पाठवलं.